ब्लॅक फॉर्मॅटर: ओळींचा वाद मिटतो, नावांचा उरतो

पायथॉन भाषेतल्या कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारा ब्लॅक फुकट आहे, एमआयटी या खुल्या परवान्याचा आहे, आणि नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कातल्या किंवा मिहानमधल्या चार-पाच जणांच्या टीमनेही तो लावून घ्यावा. अवतरण एकेरी की दुहेरी, ओळ कुठे तोडायची, यावर रिव्ह्यूत (एकमेकांचा कोड तपासताना) वेळ घालवणं तो बंद करतो. ओळ ८८ अक्षरांची (पायथॉनच्या अधिकृत शैली-नियमांत, म्हणजे पेप ८ मध्ये, ७९), अवतरण दुहेरी, सेटिंग्ज मोजक्याच. कोडचा अर्थ बदलला नाही ना, हे तो सिंटॅक्स ट्री (कोडच्या रचनेचा आराखडा) ताडून स्वतःच तपासतो, म्हणून जुन्या कोडवरही निर्धास्त चालवता येतो.

मला सर्वांत आवडतो तो शेवटचा स्वल्पविराम. यादीच्या अखेरच्या घटकानंतर तो दिला की सगळं एका ओळीत मावत असलं तरी प्रत्येक घटक वेगळ्या ओळीवर येतो. उद्या एक घटक वाढला, तर डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या यादीत) तेवढी एकच ओळ दिसते.

जुन्या प्रकल्पात लावताना मात्र क्रम पाळा. आधी उघड्या ब्रँचेस (कोडच्या सुट्या फांद्या) मुख्य कोडमध्ये मर्ज करून घ्या, नाहीतर कॉन्फ्लिक्टचा (एकमेकांशी न जुळणाऱ्या बदलांचा) ढीग लागेल. मग फक्त फॉर्मॅटिंगचा एक कमिट (बदलांची एक नोंद) करा, त्यात लॉजिकचा एकही बदल नको. त्या कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) वेगळ्या फाइलीत लिहून गिट ब्लेमला (कोणती ओळ कोणी बदलली हे सांगणाऱ्या आज्ञेला) ती फाइल दाखवा, गिट २.२३ पासून ही सोय आहे. हे टाळलं तर प्रत्येक ओळ फॉर्मॅट करणाऱ्याच्या नावावर दिसते आणि ब्लेमचा उपयोगच संपतो. ब्लॅकची आवृत्ती सगळ्यांकडे एकच ठेवा, कारण दर जानेवारीत शैलीत थोडे बदल येऊ शकतात. दोघांकडे दोन आवृत्त्या असल्या की तीच फाइल रोज मागेपुढे होते. प्री-कमिट हुक (कमिटआधी आपोआप चालणारी तपासणी) वगळता येतो, म्हणून चेक सीआयमध्येही (सर्व्हरवरच्या आपोआप तपासणीतही) हवा. फ्लेक८ (कोडमधल्या चुका आणि शैली तपासणारं साधन) वापरत असाल तर त्यातला ई२०३ नियम बंद करा, आयसॉर्टला (इम्पोर्टच्या ओळी क्रमाने लावणाऱ्या साधनाला) ब्लॅक प्रोफाइल द्या.

उणिवा आहेत. हाताने रांगेत लावलेले आकड्यांचे तक्ते तो विस्कटतो. तिथे 'एफएमटी ऑफ' आणि 'ऑन' या कॉमेंट लागतात. शेतकऱ्यांना जाणाऱ्या एसएमएसचा लांबलचक मराठी मजकूर तो तोडत नाही, ओळ तशीच राहते.

पण नीट मांडलेला कोड म्हणजे वाचनीय कोड, असं मानणं मला पटत नाही. नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्यांचा हिशेब घ्या. व्हेरिएबलचं नाव नुसतं 'रेट' असेल तर दर क्विंटलचा की किलोचा हे कळत नाही, आणि चूक थेट शंभरपट होते. 'रेट पर क्विंटल' लिहिलं की ती वाचतानाच पकडली जाते. फंक्शनला तिसरं आर्ग्युमेंट नुसतं 'ट्रू' दिलं असेल तर वाचणाऱ्याने काय समजायचं? आर्ग्युमेंट नावानिशी द्या, किंवा सरळ दोन फंक्शन्स करा. कॉमेंटचंही तसंच. 'इथे आडत वजा केली नाही' हे कोडच सांगतो. '२०१६ पासून फळं-भाजीपाल्याची आडत खरेदीदाराकडून घ्यायची, शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही' हे कोड कधीच सांगणार नाही. ब्लॅक यातलं काहीच करत नाही. एक खूण तेवढी देतो: एखादी ओळ त्याने कंसाकंसांत सात-आठ ओळींवर पसरवली, की मधल्या भागाला स्वतःचं नाव हवं आहे असं समजा.

नवा प्रकल्प असेल तर ब्लॅकऐवजी रफ हे साधन घ्या. २०२३ मध्ये त्यात फॉर्मॅटर आला, मांडणी जवळपास ब्लॅकचीच, रस्टमध्ये लिहिलेला असल्याने वेग खूप जास्त, शिवाय लिंटर (कोडमधल्या चुका शोधणारा) सोबतच. त्यातला फंक्शनची गुंतागुंत मोजणारा सी९०१ नियम आपणहून चालू नसतो, तो निवडावा लागतो. मर्यादा मुळात १० आहे. जुन्या फाइली त्यात बसत नसतील तर त्या फाइलींपुरती सूट द्या, मर्यादा वाढवू नका.