मॅट बांधायला क्लिकवालं प्लॅस्टिक बकल की धातूचं कॅम बकल?

सॅकच्या बाहेर मॅट नाहीतर टेंट बांधायला पट्टे घ्यायचेत आणि या दोघांत अडकला असाल तर माझा अनुभव सांगतो, मी दोन्हींवर पैसे घालवून बसलोय.

प्लॅस्टिकवाल्याची मजा काय तर काळोखात, भर पावसात, एका हाताने टक्कन लागतं नि सुटतं. वजन तर जाणवतच नाही. आणि ते तुटेल म्हणून लोक उगाच घाबरतात, माझं आजवर एकच तुटलं, तेही कल्याण लोकलच्या गर्दीत कुणाचा तरी बूट पडला म्हणून, एका बाजूचा दात गेला आणि विषय संपला. शिवलेलं होतं त्यामुळे उसवायला चांभार गाठावा लागला. (मधल्या दांडीला चीर असलेलं बकलही मिळतं, ते न उसवता बसतं, एखादं सॅकच्या खिशात टाकून ठेवा.)

माझं डोकं फिरलं ते बकलातून पट्टा सरकण्यामुळे. ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगडला गेलो होतो, खुबी फाट्याला एसटीतून उतरून खिरेश्वरमार्गे तोलार खिंडीकडे, पाऊस थांबायचं नाव नाही, आणि सॅकखाली बांधलेली मॅट दर वीसेक मिनिटांनी सैल होऊन पोटऱ्यांवर आपटतेय. थांबा, ओढा, चाला, परत तेच. पुढे रेलिंग लावलेल्या कातळावर तर दोन्ही हात गुंतलेले, मग आपटू दे म्हटलं. घरी येऊन बघितलं तर ज्या आडव्या दांडीवर पट्टा दुमडून अडतो तिची धार झिजून गोल झालेली, ओल्या पट्ट्यातला चिखल-रेती कानशीसारखी घासत असणार. शिवाय पट्टा नायलॉनचा, आणि नायलॉन भिजलं की ताणतंच. तुटलं असतं तर गाठ तरी मारली असती, हे धड तुटतही नाही आणि धरतही नाही.

मग कॅमवालं घेतलं, 25 मिमीचा पॉलिस्टर पट्टा. यात स्प्रिंगवर फिरणारा दातेरी तुकडा असतो, तोच कॅम, त्याचे दाते पट्ट्यात रुततात, जितका ताण तितकी पकड घट्ट. तीन पावसाळे झाले, मध्येच थांबून ओढलंय असं तरी आठवत नाही. कटकटी आहेत, नाही म्हणत नाही. दाते बसतात तिथे पट्ट्याला तूस येतं, उरलेलं शेपूट फडफडतं, आणि आपल्या खाऱ्या हवेत आतली स्प्रिंग आधी गंजते, माझ्या मॅटवर तांबूस डाग आहेतच. ट्रेकहून आलं की गोड्या पाण्याने धुवायचं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, बास. पट्टा पातळ असेल तर मात्र कॅमही सरकतो, तो जाडच घ्या.

प्लॅस्टिकच घ्यायचं असेल तर आतल्या बाजूला बारीक अक्षरात पीओएम लिहिलंय का बघा, म्हणजे असिटल नावाचं प्लॅस्टिक, ते नायलॉनइतकं पाणी पीत नाही. आणि चकचकीत स्वस्त पॉलिप्रॉपिलीनचा पट्टा बाल्कनीच्या उन्हात ठेवू नका, लवकर भुसभुशीत होतो.

कमरेच्या पट्ट्याला मात्र मी प्लॅस्टिकच ठेवलंय, ओढा ओलांडताना पाय सरकला तर सॅक झटक्यात टाकून देता यायला हवी, तिथे कॅमशी झटापट कोण करत बसणार.