नऊ महिने, एक शीट आणि 35.3 : बारावीनंतर पोरं जातात कुठं?

आमच्या कॉलेजात ‘आयशे’चं काम माझ्याकडं आलं, कारण बाकी कुणी हात पुढं केला नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण हे त्याचं पूर्ण नाव. केंद्राचं शिक्षण खातं 2010-11 या वर्षापासून ते करतंय. किती मुलं, किती मुली, कुठल्या प्रवर्गातली, कुठल्या वर्षाला, किती पास झाली, शिक्षक किती, हे सगळं कॉलेजनं वेबफॉर्मात भरायचं. आमचं कॉलेज हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, ज्युनियर-सीनियर एकाच आवारात. मागच्या जूनपासून नऊ महिने मी हे आकडे भरले, जुने अहवाल वाचले आणि शेवटी वैतागून स्वतःची एक एक्सेल शीट काढली. या वापरातून काय हाती लागलं ते लिहितोय. नवीन नोडल अधिकारी, म्हणजे कॉलेजात हे काम सांभाळणारा, झालेल्या एखाद्याला कामी येईल.

आधी अहवालाबद्दल. 2021-22 चा अहवाल जानेवारी 2024 मध्ये आला. त्यात महाराष्ट्राचं सकल नोंदणी प्रमाण 35.3 आहे, देशाचं 28.4. नवीन शैक्षणिक धोरणानं 2035 पर्यंत 50 गाठायचं ठरवलंय. राज्य देशाच्या पुढं आहे का, मुली मुलांच्या बरोबरीनं आल्यात का (देशपातळीवर 28.5 आणि 28.3, म्हणजे आल्यात), कुठल्या प्रवर्गाची वाढ थांबलीय, असल्या प्रश्नांना यासारखं साधन नाही. दरवर्षीचे तक्ते साधारण एकाच साच्यात असतात, त्यामुळं जुनं-नवं शेजारी ठेवून बघता येतं. स्टाफरूममधले निम्मे वाद मी या पीडीएफवर मिटवलेत.

पण 35.3 म्हणजे शंभरातली पस्तीस पोरं कॉलेजात, असं समजून चाललात तर फसाल. मीही दोन महिने तसंच समजत होतो. हा भागाकार आहे. वर असतात राज्यातल्या संस्थांत नाव असलेले सगळे, वय कितीही असो. खाली असते 18 ते 23 वयाची लोकसंख्या, तीही 2011 च्या जनगणनेवरून पुढं काढलेली. म्हणजे मुक्त विद्यापीठातून एम.ए. करणारे चाळिशीचे हवालदार वरच्या आकड्यात येतात, खालच्या आकड्यात नाहीत. शिवाय मोजणी संस्था जिथं आहे तिथली होते. आमचं पोरगं पुण्याला गेलं की ते पुण्यात मोजलं जातं. राज्याचा हिशोब त्यानं बिघडत नाही, पण मराठवाड्याचा बिघडतो. किनवटचं पोरगं आदिलाबादला गेलं तर ते तेलंगणाच्या खात्यावर. तसं बघितलं तर आपल्याकडं हे जुनंच आहे. निजामाच्या काळात पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागायची. 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद आणि नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, 1958 मध्ये विद्यापीठ आलं, तेव्हा कुठं इथल्या पोरांची मोजणी इथं व्हायला लागली. आता परत पोरं बाहेर चाललीत, फक्त दिशा बदललीय.

पदवीचा आकडा तर आणखी फसवा. 2021-22 मध्ये देशात 1.07 कोटी विद्यार्थी उत्तीर्ण झाले, एवढं अहवाल सांगतो. पण तीन वर्षांपूर्वी आत आलेल्या तुकडीतले किती बाहेर पडले, ते त्यातून निघत नाही. मोंढ्यात आज हळदीची आवक किती झाली ते कळतं, कुणी किती लावली होती आणि किती वावरातच सडली ते कळत नाही, तसं. एटीकेटी घेत पाचव्या वर्षी सुटलेला आणि सरळ तिसऱ्या वर्षी सुटलेला, दोघं एकाच रकान्यात. मधेच गळालेला कुठल्याच रकान्यात नाही. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीसाठी एकच तुकडी धरून सहा वर्षांपर्यंत बघतात आणि मग पूर्णतेचं प्रमाण काढतात. टेक्सासात तर आठवीची अख्खी तुकडी धरून पुढं कितीजण पदवीपर्यंत पोचले ते मोजतात. हे वाचलं आणि वाटलं, राज्याचं राहू दे, आपण आपल्या एका वर्गाचं करून बघू.

शीट साधी आहे. बारावी कला आणि विज्ञान मिळून 62 नावं. रकाने : आता कुठं, कशाला, येण्याजाण्याचं साधन, फी कुणी भरली, शेवटचा फोन कधी. सहावा रकाना ‘सध्या खरं काय चाललंय’. तोच सगळ्यात उपयोगाचा निघाला.

ऑगस्टमध्ये 62 पैकी 47 जणांचा कुठं ना कुठं प्रवेश होता. मी खुश. फेब्रुवारीत परत फोन लावले तर त्यातले 38 खरंच कॉलेजात जात होते. बाकीच्या नऊ जणांची नावं रजिस्टरला तशीच. सरकारी आकड्यात ते आजही शिकतायत. एका मुलीच्या वडिलांनी सांगितलं, “सर, पोरीचं जमलं. नाव राहू द्या तेवढं, परीक्षेला येईल ती.” मी ‘बरं’ म्हणालो. नाव कापलं असतं तर तिची उरलीसुरली वाटही बंद झाली असती, आणि खरं सांगायचं तर पटसंख्या कुठल्या कॉलेजला नको असते?

दोघं पोलीस भरतीच्या अकॅडमीत पळायला जातात, बी.ए.चं नाव म्हणजे त्यांचं ओळखपत्र. तिघी मुली एसटीमुळं गळाल्या, हे मला फोन केल्याशिवाय कधीच कळलं नसतं. बारावीपर्यंत मुलींना पास मोफत असतो. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला त्याच रस्त्यावर, त्याच गाडीत पैसे मोजावे लागतात. सवलत असते, पण महिन्याला एकदम पैसे काढायचे म्हटल्यावर घरात पहिला विचार कुणाचा मागं पडतो ते सांगायला नको. 2024 मध्ये मुलींची फी माफ झाली ती व्यावसायिक अभ्यासक्रमांची. आमच्या साध्या बी.ए.वालीला त्यातून काही मिळत नाही.

शीटचे दोषही सांगतो. रिचार्ज संपलं की नंबर बदलतो. दिवाळीआधी तांड्यावरची घरं उसतोडीला गेली की मार्चपर्यंत फोन लागत नाही, ते सगळे शीटमध्ये ‘कळत नाही’ या रंगात. हळद शिजवायच्या दिवसांत हजेरी बघून कुणाला गळालेला ठरवायचं नाही, हा धडा मी दोन चुका करून शिकलो. आणि हे एका माणसाच्या शनिवारवर चालतं. दुसरी तुकडी धरली तर 124 फोन होतील.

मधे एका कंपनीचं विद्यार्थी ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर महिनाभर चालवून बघितलं. नाव घेत नाही. गोल तक्ते झकास, पण त्यात प्रवेश झाला की पोरगं कायमचं हिरवं. काढून टाकलं.

पोरांच्या कॉलेजसाठीच्या तयारीबद्दल थोडकंच, कारण तिथं माझ्या शीटला काहीच धरता आलं नाही. बारावीचा निकाल बघितला तर सगळेच तयार. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या 2023 च्या पाहणीत 14 ते 18 वयाच्या ग्रामीण मुलांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्याच भाषेतला दुसरीचा उतारा सलग वाचू शकत नव्हता. भागाकार येणारे निम्म्याहून कमी, 43.3 टक्के. मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला 1,250 रुपयांवर 18 टक्के जीएसटी काढायला सांगतो तेव्हा हा आकडा माझ्यासमोर बाकांवर बसलेला असतो.

खरा मार्ग सरकारकडंच आहे. शाळांची माहिती ठेवणाऱ्या ‘युडायस प्लस’मध्ये 2022-23 पासून एकेका विद्यार्थ्याची नोंद होते, प्रत्येक विद्यार्थ्यासाठी ‘अपार’ हा 12 अंकी ओळख क्रमांक आलाय, कॉलेजात मिळवलेली क्रेडिट साठवायची क्रेडिट बँक आहे. शाळेतला क्रमांक कॉलेजात नीट जुळला तर माझी शीट मोडीत निघेल आणि मला आनंदच होईल. सध्या टीसीवर नावापुढं ‘बाई’ आणि आधारवर नुसतं नाव, एवढ्यावर जोडणी अडते.

काल रात्री ‘कळत नाही’ रंगातल्या एकाचा आपणहून फोन आला. चाकणला कंपनीत आहे, बारा तासांची पाळी. “सर, मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरायचाय, तारीख कधीय?” तारीख बघून सांगतो म्हणालो. त्याला आता कुठल्या रंगात टाकायचं ते अजून ठरलेलं नाही.