न्यूझीलंडची बारा दिवसांची सहल: पाऊस उत्तम, पनीर मुबलक

बेळगावातील एका प्रवास कंपनीने आखलेल्या न्यूझीलंडच्या ‘१२ दिवस, ११ रात्री’ या सहलीला मी आणि माझी पत्नी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जाऊन आलो. माणशी ४ लाख ८० हजार रुपये ही रक्कम निवृत्त शिक्षकाला लहान नसते, त्यामुळे पुढे जाणाऱ्यांना अंदाज यावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. देशाने आमच्या वाट्याला काही कमी येऊ दिले नाही. तक्रारी ज्या आहेत त्या सगळ्या कंपनीच्या वेळापत्रकाविषयी आणि हिशेबाविषयी आहेत.

हिशेबापासून सुरुवात करतो. आमची कागदपत्रे कंपनीने जुलैमध्येच गोळा केली होती, परंतु व्हिसाचे अर्ज ऑक्टोबरमध्ये भरले. त्या देशाने परदेशी पर्यटकांवरचे शुल्क १ ऑक्टोबर २०२४ पासून ३५ डॉलरवरून १०० डॉलर केले आणि वरचे ६५ न्यूझीलंड डॉलर, म्हणजे सुमारे सव्वातीन हजार रुपये, ‘सरकारी दरवाढ’ या सदराखाली आमच्याकडून वसूल करण्यात आले. दरवाढ सरकारी होती हे खरेच. दिरंगाई मात्र संपूर्णपणे खासगी होती.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळूर, तेथून सिंगापूर आणि सिंगापूरहून सुमारे दहा तासांनी ऑकलंड असा प्रवास करून, मधल्या थांब्यांसह दीड दिवसाने आम्ही ३२ जण तेथे उतरलो. गटात निपाणीची दोन व्यापारी कुटुंबे, चिकोडीचे एक डॉक्टर दांपत्य, हुबळीकडची कन्नड मंडळी आणि खानापूर तालुक्यातील भातशेती करणारे एक गृहस्थ होते. या गृहस्थांना दुसऱ्या दिवसापासून सगळेच, कन्नड मंडळीसुद्धा, मामा म्हणू लागले.

कंपनीच्या सूचनापत्रात ‘घरचा फराळ सोबत घ्यावा’ असे ठळक अक्षरांत छापले होते. तो फराळ विमानतळावर जाहीर करावा लागतो, याचा मात्र उल्लेखही नव्हता. न्यूझीलंडमध्ये जनावरांचा लाळ-खुरकत रोग आजवर कधीच शिरलेला नाही आणि देशाचा मोठा व्यवहार दूधदुभत्यावर चालत असल्यामुळे बाहेरून येणाऱ्या प्रत्येक खाद्यपदार्थाकडे तेथे संशयाने पाहिले जाते. पदार्थ दडवला तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो. पत्नीने ऑकलंडच्या भाच्यासाठी एक किलो कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची मिठाई, नेला होता. तिने तो प्रामाणिकपणे जाहीर केला, अधिकारीबाईंनी तितक्याच नम्रपणे तो ठेवून घेतला, आणि बेळगावच्या कुंद्याचा शेवट परदेशातील कचऱ्याच्या डब्यात झाला. मामांची तपासणी आणखी कडक झाली. गेल्या महिनाभरात शेतात गेला होता का, या प्रश्नाला त्यांनी ‘रोज’ असे उत्तर दिले होते. त्यांचे बूट काढून घेण्यात आले, तळव्याला चिकटलेली खानापूरची तांबडी माती धुऊन काढण्यात आली आणि दहा मिनिटांनी ते लखलखीत होऊन परत आले. ‘चार लाखांत बूट तेवढे धुऊन मिळाले बघा,’ असे मामा म्हणाले, तेव्हा सहल अजून सुरूही झालेली नव्हती.

जेवणाविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. ‘रोज भारतीय जेवण’ हे वाक्य जाहिरातीत तीन ठिकाणी होते आणि कंपनीने ते शब्दशः पाळले. फक्त भारत पंजाबात सुरू होऊन पंजाबातच संपत होता. अकरा रात्रींपैकी नऊ रात्री पनीर होते. झुणका-भाकरी किंवा साधी आमटी कोणी मागितली नव्हती, परंतु त्याच देशाचा मासा आणि बटाटा तरी एखाद्या संध्याकाळी सुखाने खाऊ द्यावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हती. त्याहून खटकलेली गोष्ट म्हणजे जेवणाची वेळ. नोव्हेंबरमध्ये दक्षिण बेटावर रात्री साडेआठनंतरही उजेड असतो आणि आम्हाला मात्र उपाहारगृहाच्या सोयीसाठी साडेपाचला जेवायला बसवले जाई. तळ्याकाठी फिरण्याच्या ऐन वेळी आम्ही जिरा राइसची वाट पाहत असायचो.

उत्तर बेटावरील रोटोरुआ येथील गंधकाचा वास आणि उकळता चिखल ही आम्ही घाईने पाहिली. वायटोमोच्या गुहा मात्र पैसे वसूल करून गेल्या. काळोखातून नाव संथपणे जाते आणि छतावर निळसर ठिपक्यांचे आकाश पसरलेले दिसते. खानापूरच्या रानात पावसाळ्याच्या तोंडाशी काजवे पाहिलेल्या माणसाला प्रकाशणाऱ्या किड्यांचे अप्रूप वाटू नये, पण येथील प्रकाश उडत नाही, लुकलुकत नाही. तो नुसता टांगलेला असतो. हा प्रकाश एका माशीच्या अळीचा असून ती चिकट धागे खाली सोडून भक्ष्य पकडते, आणि जी अळी अधिक भुकेली ती अधिक उजळते, असे तेथील मार्गदर्शकाने सांगितले. छायाचित्रे काढण्यास बंदी आणि बोलण्यासही मनाई असल्यामुळे आमच्या गटाने बारा दिवसांत पाळलेली शांतता एवढीच.

दक्षिण बेटावर टेकापोच्या तळ्याकाठी ल्युपिनची जांभळी-गुलाबी फुले पाहून बसमधील निम्म्या मंडळींचे डोळे पाणावले. ही फुले तेथे उपद्रवी तण मानली जातात, हे वाचल्यावर आमच्याकडच्या घाणेरीकडे उद्या कोणी परदेशी माणूस असाच पाहत उभा राहील, असे वाटून गेले.

आता मिलफर्ड साउंड या उभ्या कड्यांमधल्या समुद्राच्या खाडीविषयी, कारण जाहिरातीच्या मुखपृष्ठावर तेच होते. क्वीन्सटाउनहून हे ठिकाण सरळ रेषेत ७० किलोमीटरच्या आसपास असले तरी मध्ये डोंगर असल्यामुळे रस्ता सुमारे २९० किलोमीटरचा आहे, आणि तेवढाच परतीचा. म्हणजे दोन तासांच्या नौकाविहारासाठी आठ-नऊ तास बसमध्ये. वाटेवरच्या ‘ते अ‍नाऊ’ या गावी मुक्काम ठेवला असता तर हे अंतर दोन दिवसांत विभागले गेले असते. कंपनीने ती रात्र क्वीन्सटाउनमधील खरेदीसाठी राखून ठेवली होती. वाटेत १९५४ साली खुला झालेला होमर बोगदा लागतो. त्याच्या तोंडाशी केआ नावाचे डोंगरी पोपट गाड्यांच्या खिडक्यांचे रबर कुरतडत होते, आणि घाटातल्या वानरांची सवय असलेल्या आम्हा सर्वांना प्रथमच अगदी घरच्यासारखे वाटले.

मुखपृष्ठावर निळे आकाश होते, प्रत्यक्षात मुसळधार पाऊस. टूर मॅनेजरने खराब हवामानाबद्दल बसमध्ये दोनदा माफी मागितली. वास्तविक तेथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे माफी मागायचीच तर छापलेल्या छायाचित्राबद्दल मागायला हवी होती. आमच्या खानापूर तालुक्यातील कणकुंबीचा पाऊस पाहिलेल्या माणसाने पाऊस पाहण्यासाठी इतके समुद्र ओलांडावेत यातला विनोद मलाही कळत होता. तरीही नावेच्या उघड्या भागात उभा राहिलो आणि समोरच्या उभ्या कड्यावरून एकाच वेळी शेकडो पांढऱ्या धारा कोसळताना पाहिल्या. नेहमी वाहणारे मोठे धबधबे तेथे मोजकेच आहेत, त्यांतला स्टर्लिंग १५१ मीटरचा. बाकीचे सारे त्या दिवसाच्या पावसाने जन्माला घातलेले होते. गटातील बहुतेक मंडळी आत काचेमागे बसून ठेपले खात होती. बाहेर आम्ही तिघे होतो. मामा बराच वेळ कड्यावरच्या हिरव्या झाडीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘सर, हितं माती कुठं दिसत न्हाई की. तरी झाडं उभी हाईत.’

मी तेथील कर्मचाऱ्याला विचारले. मामांनी बरोबर ओळखले होते: खडकावर शेवाळाचा पातळ थर असतो, झाडे एकमेकांच्या मुळांत मुळे गुंतवून उभी राहतात, आणि एक सुटले की खालची सगळी घेऊन घसरते. कड्यावर दिसणारे उघडे पट्टे त्याच घसरणीचे होते. आमच्या टूर मॅनेजरला हे ठाऊक नव्हते. तो त्या वेळी दुपारच्या डब्यांची मोजदाद करत होता.

किनाऱ्यावर चावऱ्या बारीक माशांनी हात फोडून काढले. हे सौंदर्य पाहून माणसे येथेच मुक्काम ठोकतील म्हणून हिने-नुई-ते-पो या देवीने त्या माशा सोडल्या, अशी तेथील मूळ रहिवासी माओरींची कथा आहे. आमच्या कंपनीचे आणि त्या देवीचे मुक्कामाविषयीचे धोरण एकच दिसते.

हॉटेले स्वच्छ होती, बसचालक अत्यंत सभ्य होता, सामान एकदाही हरवले नाही. ही सहल घ्यायचीच असेल, तर पैसे भरण्यापूर्वी व्हिसाचा अर्ज कोणत्या तारखेला भरणार हे लेखी घ्यावे, ‘ते अ‍नाऊ’चा मुक्काम मागावा, आणि कुंदा घरीच संपवून निघावे.

परतल्यावर कंपनीने अभिप्रायाचा अर्ज पाठवला. पाचपैकी तीन तारे दिले. मामांना फोन करून त्यांनी किती दिले ते विचारले, तर त्यांनी अर्ज उघडलाच नव्हता. ते धुतलेले बूट मात्र खोक्यात घालून माळ्यावर ठेवले असून शेतावर पूर्वीसारखे अनवाणीच जात असल्याचे त्यांनी सांगितले.