गड्ड्याच्या पैशांत कोणतं पुस्तक घ्यावं?

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका मैत्रिणीचा मुलगा बारा वर्षांचा आहे. आजीशी अडखळत तेलुगू, गल्लीत मराठी, शाळेत इंग्रजी. गड्ड्यावर, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत, पाळण्यासाठी मिळालेले पैसे पठ्ठ्याने चक्क राखून ठेवले. आता त्याला चित्रांचंच पुस्तक हवंय, पण ‘लहान मुलांचं नको’. कोणतं घेऊ, असं मैत्रिणीने मला विचारलं. लहानपणची दुखणी आणि लोककथा किंवा लोकपरंपरा एकत्र आणणाऱ्या चार चित्रकादंबऱ्या माझ्या वाचनात आहेत. मी वाचल्या त्या इंग्रजीतून, तेव्हा आधी पोराचं इंग्रजी बघा.

ते जेमतेम असेल तर रैना टेलगेमायरचं ‘घोस्ट्स’ (2016) सगळ्यांत सोपं. वाक्यं छोटी, चित्रं ठसठशीत. मायाला सिस्टिक फायब्रोसिस हा फुफ्फुसांचा आजार आहे. तिला हवा मानवावी म्हणून घरचे समुद्रकाठच्या गावी राहायला जातात. तिथे भुतं आहेत, मेक्सिकन परंपरेतला मृतांचा दिवस आहे. आपल्याकडे पितृपक्षात पानं वाढतात, त्यामुळे गेलेली माणसं जेवायला येतात ही कल्पना पोराला समजावून सांगावी लागणार नाही. तिथेही सजावटीला झेंडूच असतो. दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, हे जाता जाता. माझी तक्रार एवढीच की यातली भुतं फार गोड आहेत. मायाची थोरली बहीण कॅट मनातून घाबरलेली असते, ते मात्र फार खरं उतरलंय. घरात कुणी दीर्घ आजारी असेल तर हेच घ्या.

जीन लुएन यांगचं ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ (2006) चतुर पुस्तक आहे. अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत आलेली ही पहिली चित्रकादंबरी. पायात जोडे नाहीत म्हणून देवांच्या मेजवानीतून हाकललेला चिनी पुराणातला वानरराजा आणि वर्गात एकटा पडलेला जिन, या दोघांच्या गोष्टी समांतर चालतात आणि शेवटी एकमेकींत अडकतात. तिसऱ्या धाग्यात चिनी माणसाचं मुद्दाम केलेलं अतिशय ओंगळ व्यंगचित्र आहे. त्यातला उपहास लक्षात आला नाही तर पोरगं नुसतं हसेल आणि पुस्तक उलटं पोचेल. म्हणून तेरा-चौदाच्या आधी नको.

‘भीमायन’ (2011) या तिघांच्या पंगतीत बसत नाही, तरी मी ते सोडणार नाही. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचं आयुष्य रेखाटलंय. इथे लोककथा नाही, लोककला आहे. चौकटी नाहीतच. रेल्वे सापासारखी वळवळते. साध्या माणसांचे बोल पक्ष्याच्या आकारात येतात, विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. शाळेत पाण्यासाठी ताटकळणारा भीम, मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच बैलगाडी मिळेनाशी झालेली भीम आणि त्याच्यासोबतची मुलं... हे सगळं आपल्याच मुलखातलं. पुढे मोठेपणीचा भाग येतो तिथे मजकूर जड होतो, एका बैठकीत वाचून होणार नाही. घरात मात्र कायमचं ठेवावं असं या चारांत हेच.

आणि मग ट्रंग ले विन यांचं ‘द मॅजिक फिश’ (2020). अमेरिकेत वाढणारा तिएन आणि व्हिएतनाममधून तिथे आलेली त्याची आई वाचनालयातल्या परीकथा मिळून वाचतात. आईचं इंग्रजी कच्चं, त्याचं व्हिएतनामी कच्चं. आपल्याला मुलगे आवडतात हे त्याला आईला सांगायचंय, पण तिच्या भाषेत त्यासाठी शब्द कोणता, हेच त्याला ठाऊक नाही. आजचं लाल रंगात, आईचं गेलेलं आयुष्य पिवळ्यात, परीकथा निळ्यात. पान उलटताच आपण कुठे आहोत ते कळतं, आणि रंग एकमेकांत मिसळतात तिथे पोटात कालवतं. बाकीच्या पुस्तकांत लोककथा किंवा लोककला गोष्टीला साथ देते, इथे मायलेकांना बोलायला तेवढीच जागा उरलेली आहे. चार भाषांच्या सोलापुरात हे घर परकं वाटत नाही. सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं ती गोष्ट गड्ड्यात अक्षता टाकताना आमच्या प्रत्येक घरात वेगळ्या भाषेत सांगितली जाते, आणि सांगणाऱ्यागणिक थोडी बदलते. तिएनची आईही गोष्ट बदलते. कशी, ते सांगत नाही.

विषय ऐकून काही आईबाप बिचकतील. पुस्तकात अश्लील काही नाही. परीकथांत थोडी क्रूरता आहे, पण आजीच्या गोष्टींत असते त्याहून फार नाही.

मी मैत्रिणीला हेच घ्यायला सांगितलं, फक्त पोराच्या हाती देऊन मोकळी होऊ नकोस, दोघं मिळून वाचा म्हटलं. ती म्हणाली, “अगं, माझं इंग्रजी कुठे एवढं!”

म्हटलं, त्या पुस्तकातल्या आईचंही नाहीये.