किमोनोच्या कापडाचा कोट शिवायचाय? मंगळवार पेठेतल्या मास्तरांकडं जावा

पहिलंच सांगतो, कोट नाद खुळा झालाय, पॅन्ट ठीकठाक आणि वेळेच्या बाबतीत मास्तरांना शून्य मार्क.

मावसभाऊ जपानला असतोय. तिकडं आता रोजच्याला किमोनो कोण फारसं घालत नाही त्यामुळं जुने लई स्वस्तात मिळतात, क्योतोत तोजी म्हणून देऊळ आहे तिथं दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो, त्यातनं त्यानं माझ्यासाठी दोन आणले. एक फुरिसोदे, बिनलग्नाच्या पोरी घालतात तो लांबलचक बाह्यांचा, लालभडक, वर सोनेरी शेवंती. दुसरा काळा तोमेसोदे, लग्न झालेल्या बायकांचा, वरती सगळा कोरा आणि खालच्या घेराला तेवढे करकोचे उडतायत. मला यातनं लग्नात मिरवायला सूट पाहिजे होता, साधासुधा नव्हं.

एका चकाचक एसी दुकानात दाखवला तर "पन्हाच नाही ओ याला" म्हणून परत पाठवलं. तसं ते खरंय, किमोनोच्या कापडाचा पन्हा म्हणजे रुंदी जेमतेम १४ इंच आणि आपलं सुटिंग असतंय ५८ इंची. पण मंगळवार पेठेतले हे मास्तर पूर्वी नाटकाचे कपडे शिवायचे, त्यांनी नुसतं उलटं करून शिवण बघितली आणि म्हणाले, "सगळ्या सरळ पट्ट्याच आहेत की, मुंढासुद्धा कापलेला नाही." मुंढा म्हणजे बाही जोडायची गोलाई, आणि किमोनोला गोलाईचं कटिंग नसतंच, तिकडं पूर्वी धुवायला सगळा उसवायचे आणि धुऊन परत शिवायचे, म्हणून हातचा धावदोरा असतोय. मास्तरांनी ब्लेडनं टाके काढले आणि टेबलावर लांबच्या लांब पट्ट्या मोकळ्या!

कोटाला पाठीत मधोमध शिवण असतीच आणि बाही दोन तुकड्यांची, त्यामुळं १४ इंचात सगळं बसलं. तोमेसोदेवर पाच ठिकाणी घराण्याचं चिन्ह असतंय, पाठीवर एक, दोन्ही बाह्यांवर मागनं, छातीवर दोन. पाठीवरचं बरोबर शिवणीवर येतंय, अर्धं इकडं अर्धं तिकडं, ते मास्तरांनी असलं जुळवलंय की बोट फिरवलं तरच जोड कळतोय. किमोनो डावी बाजू वर घेऊन घालतात आणि पुरुषांचा कोटपण तसाच, म्हणून करकोचे समोर बटणं लावल्यावर सलग उडतात. कॉलरला आणि आत अस्तराला लाल फुरिसोदे. हात वर केला की आतला लाल दिसतोय, लई भारी.

इस्त्रीबद्दल सांगायलाच पाहिजे. हे चिरिमेन म्हणजे पिळाच्या धाग्याचं रेशीम, पाणी लागलं की आकसतंय. मास्तरांनी आधी आतल्या एका तुकड्यावर इस्त्री फिरवून बघितली, मग सगळीकडं वरनं मलमल टाकून कोरडीच इस्त्री, पाण्याचा एक थेंब नाही. मागनं पातळ फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटवायचं आतलं कापड. डाव्या कॉलरला बुडबुडे आले होते पण सांगितल्यावर न कुरकुरता काढून परत लावलं.

पॅन्टचं मात्र तसं नाही. मागच्या भागाला सीटवर कापड पुरत नाही, जोड द्यावाच लागतो, आणि तो बसल्यावर ताणतो. मी तर म्हणतो कोटच शिवा आणि खाली साधी काळी पॅन्ट घाला.

आणि वेळ! दर फोनला "परवा या", मी जरा आवाज चढवला तर "देतोय की, पळून चाललोय व्हय?" मिळाला तो लग्नाच्या आदल्या रात्री. शिलाई साध्या कोटाच्या दीडपट, पण उसवायची मेहनत बघता मला परवडली.

हॉलवर काकू कानाशी येऊन "कुणाची पैठणी फाडलीस रे?" आणि मित्र बँड कुठाय विचारत बसले, फोटो मात्र सगळ्यांनी काढून घेतले. मे महिन्यात घालायचं धाडस करू नका, अस्तरासकट रेशीम म्हणजे भट्टी. काखेत घामाच्या पट्ट्या लावून घ्या, घामाचा डाग जुन्या रेशमावरनं जात नाही.

कापड नेण्याआधी उजेडात धरून बघा, घड्यांवर विरलं असेल तर मास्तर हात लावत नाहीत. आणि काजं ते बाहेर देतात, मी हातची सांगितली होती, आली मशीनची, तेवढं स्वतः उभं राहून करून घ्या.