घरचा वजनकाटा: आठ महिने रोज वापरल्यानंतरचा अनुभव

हा काटा माझ्यासाठी आणलाच नव्हता. माझ्या सासऱ्यांचं हृदय कमकुवत झालं आहे. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, रोज सकाळी वजन करा, लिहून ठेवा, आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करा. अण्णा जेमतेम दीड पोळी खातात, त्यांचं वजन इतक्यात दोन किलो कसं वाढेल, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ती चरबी नसते, अंगात साठलेलं पाणी असतं. काट्याला त्यातला फरक कळत नाही."

माझी स्वतःची खरी चूक मला त्या दिवशी कळली. त्याआधी दोनदा मी वजन कमी करायला घेतलं आणि दोन्ही वेळा दीड-दोन महिन्यांत सोडून दिलं. मी दर रविवारी वजन करायचे. शनिवारी रात्री आमचं बाहेर जेवण किंवा घरी पावभाजी ठरलेली. म्हणजे आठवड्यातला सगळ्यात जड दिवस मी मोजायला निवडला होता! सहा दिवस नेमाने जेवून रविवारी काटा वर गेलेला दिसला की रडू यायचं.

जानेवारीत, संक्रांतीनंतर, अण्णांच्या रकान्याशेजारी कालनिर्णयवर माझाही रकाना सुरू केला. सकाळी उठल्यावर, संडासला जाऊन आल्यावर, चहापाण्याच्या आधी, त्याच गाऊनमध्ये. रोज.

जूनमधला एक आठवडा तसाच उतरवते. सोमवारपासून ७४.९, ७४.३, ७४.६, ७४.१, ७४.०, ७३.९ आणि रविवारी ७४.८. नुसता शेवटचा आकडा पाहिला तर सहा दिवस वाया गेले असं वाटेल. पण साताची सरासरी ७४.४ येते, आणि आदल्या आठवड्याची होती ७४.८. चारशे ग्रॅम उतरले होते! शनिवारी रात्री भजी आणि लोणचं झालं होतं, त्याच्या मिठाने धरून ठेवलेलं पाणी रविवारी काट्यावर दिसत होतं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. शरीराच्या गरजेपेक्षा तेवढं जास्त एका रात्रीत कोण खाईल? पाळी यायच्या आधीचे चार-पाच दिवस माझं वजन किलोभर वर असतं, पाळी सुरू झाली की आपोआप उतरतं. त्या दिवसांची तुलना मी मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी करते, मागच्या आठवड्याशी नाही.

सुरुवातीला भराभर उतरणाऱ्या वजनाचंही असंच. पहिल्या आठवड्यात माझे पावणेदोन किलो गेले. भात-पोळी कमी केली की शरीरातला साखरेचा साठा रिकामा होतो, आणि त्या साठ्याच्या एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, तेही जातं. पुढे वेग मंदावला तेव्हा हे माहीत होतं, म्हणून मी टिकले.

आता काट्याबद्दल. साधा डिजिटल, काचेचा, बाराशे रुपयांचा आहे. शंभर ग्रॅमपर्यंत दाखवतो. आमच्या बाथरूमबाहेरच्या फरशीवर त्याचा एक पाय सांध्यावर यायचा आणि पाच मिनिटांत सहाशे ग्रॅमचा फरक पडायचा. मधल्या एका सपाट फरशीवर पेन्सिलने खुणा करून तिथेच ठेवला, तेव्हापासून तो त्रास नाही. काटा हलवला असेल तर पहिला आकडा धरू नका. एकदा उभं राहून उतरा, शून्य येऊ द्या, मग पुन्हा उभं राहा. सतरंजी, गादी, पायपुसणं यांवर तर नकोच.

सगळ्यात मोठी तक्रार वेगळी आहे. मार्चमध्ये तीन दिवस सलग ७७.४ आलं. संशय आला म्हणून दोन मोठे ग्लास, म्हणजे अर्धा लिटर पाणी प्यायले आणि लगेच पुन्हा उभी राहिले. तरी ७७.४! मग तांदळाची पाच किलोची पिशवी हातात घेऊन उभी राहिले, उतरले, आणि पिशवी ठेवून परत चढले, तर ७७.९. मागच्या वजनाच्या जवळपास वजन असलं की हा काटा जुनाच आकडा पुन्हा दाखवतो. स्थिर वाटावा म्हणून असं केलेलं असतं, पण रोज मोजणाऱ्याची ही शुद्ध फसवणूक आहे, आणि डब्यावर याचा कुठे उल्लेख नाही. आता आम्ही दोघंही आधी ती पिशवी घेऊन एकदा चढतो. नवीन काटा घेतलात तर पहिल्याच दिवशी ही परीक्षा घ्या.

चरबीची टक्केवारी दाखवणारा काटा नणंदेकडे आहे. तो पायांतून अगदी सौम्य वीज सोडून अंदाज बांधतो. पाणी प्यायलं, पाय ओले असले की आकडा बदलतो. मी त्यासाठी जास्त पैसे देणार नाही. पेसमेकर बसवलेल्यांनी तर तो वापरूच नये. आणि आकडा पाहून ज्यांचं जेवण सुटतं, त्यांनी रोज वजन करायच्या फंदात पडू नये, हे मी मनापासून सांगते.

जानेवारीतली माझी पहिली सरासरी ७९.२ होती, ऑगस्टअखेरची ७१.६.

आषाढीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही रकाने एकदम वर गेले. साबुदाण्याची खिचडी, भगर, बटाट्याचे पापड. अण्णांनीही माझी नजर चुकवून पापड खाल्ले होते. मी नऊशे ग्रॅम वर, ते १.२ किलो. तिसऱ्या दिवशी माझं उतरून जागेवर आलं. अण्णांचं मात्र २.१ किलो वाढलेलं होतं आणि घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहत होता. तेव्हाच फोन केला. डॉक्टरांनी लघवीच्या गोळीचा डोस वाढवला आणि दुसऱ्या दिवशी तपासायला बोलावलं. पुढच्या सोमवारी अण्णांनी स्वतः चष्मा लावून त्यांच्या रकान्यात लिहिलं, ५८.४.