सरकारकडून मृत्यूची भरपाई: रेल्वेचं १ वर्ष आणि दिवाणी कोर्टाची २ वर्षं

लोकलमधून पडून प्रवासी दगावला, तर वारसांनी रेल्वे दावा न्यायाधिकरणात १ वर्षाच्या आत अर्ज करायचा. सरकारी इमारतीची भिंत कोसळून कुणी गेलं, तर १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली (Fatal Accidents Act) दिवाणी दावा. मुदत मृत्यूपासून २ वर्षं. आधी सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते, पण तो काळ मुदतीत मोजत नाहीत.

२ वर्षं ऐकायला बरी वाटतात. तरी मला रेल्वेचीच वाट अधिक माणुसकीची वाटते. तिथे सबळ कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो, रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही, आणि रक्कम ठरलेली आहे: ८ लाख रुपये. दिवाणी दाव्यात हलगर्जीपणा सिद्ध करा, आणि मुदत उलटली तर उशिराला माफीचा अर्जच चालत नाही. म्हणून सुतकातही पंचनाम्याची प्रत, तिकीट किंवा पास कुणीतरी जपून ठेवाच.